मथळा मागून वाचा : घाईत पेपर वाचणाऱ्या बेळगावकरांसाठी

‘उद्या शाळांना सुट्टी जाहीर झाल्याची अफवा.’ हा मथळा घाईत वाचणारा माणूस ‘सुट्टी जाहीर’पर्यंत येतो आणि मोबाइल उचलतो. शेवटचे दोन शब्द वाचून व्हायच्या आत गल्लीच्या ग्रुपवर सुट्टी पसरलेली असते. दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा होते तेव्हा निम्मी मुले अंथरुणात असतात.

याचे कारण मराठी वाक्याच्या घडणीत आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, नकार तर त्याच्याही मागून येतो. इंग्रजी वाक्यात कर्त्यापाठोपाठ क्रियापद येते, म्हणून तिथे पहिले चार-पाच शब्द वाचले की बातमी साधारण कळते. वेगवाचनाचे बहुतेक धडे इंग्रजीवर बेतलेले आहेत. अमेरिकेत एव्हलिन वुड यांनी १९५९ मध्ये असे वर्ग सुरू केले आणि त्या पद्धती पुढे जगभर गेल्या. ‘ओळीची सुरुवात टिपा आणि खाली सरका’ हा सल्ला मराठी पेपरला लावला की बातमीचा नेमका उलटा अर्थ हाती लागतो. मराठी बातमी पटकन वाचायची असेल तर मथळ्याच्या शेवटच्या शब्दापासून सुरुवात करायची. बाकीच्या युक्त्या यानंतर.

शेवटचे दोन-तीन शब्द

मथळ्याच्या शेवटी बोट ठेवा. तिथे बहुतेकदा दोनपैकी एका जातीचा शब्द सापडतो. पहिली जात बातमी उलटवणारी : नाही, नसल्याचे, नकार, फेटाळली, रद्द, स्थगित, टळला, अफवा, खोटे. दुसरी जात बातमी पातळ करणारी : शक्यता, संकेत, हालचाली, चर्चा, मागणी, प्रस्ताव, इशारा, आणि शेवटचे प्रश्नचिन्ह. ‘खानापूर मार्गावर नवी बस सुरू करण्याची मागणी’ ही बस सुरू झाल्याची बातमी नव्हे. तरी अशी बातमी छापून आली की थांब्यावर कोणीतरी त्या बसची वाट पाहत उभा असतोच.

खरी पंचाईत एका मथळ्यात दोन-तीन वळणे असली की होते. ‘बांधकाम पाडण्याच्या आदेशाला स्थगिती देण्यास न्यायालयाचा नकार’ हा मथळा पुढून वाचून ज्याचे बांधकाम आहे तोही पेढे वाटेल. मागून प्रश्न विचारत चला. नकार कशाला? स्थगितीला. स्थगिती कशाला? आदेशाला. आदेश कशाचा? पाडण्याचा. म्हणजे आदेश कायम. ‘दरवाढ मागे घेण्याची मागणी फेटाळली’ : फेटाळली काय? मागणी. कशाची? मागे घेण्याची. दरवाढ राहिली. ‘बंदी उठवण्यास विरोध’ या मथळ्यात विरोध करणाऱ्याला बंदी हवी आहे एवढेच कळते. बंदी उठली की नाही, ते मथळ्यात नाहीच, आत शोधावे लागेल.

कोर्टाच्या बातम्यांत हे पथ्य सगळ्यात जास्त पाळावे, आणि आपल्याकडे कोर्टाची बातमी म्हटली की जीव सीमाप्रश्नात असतो. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तेव्हापासून ‘सीमाप्रश्नी सुनावणी’ एवढे दिसले तरी फोनाफोनी सुरू होते. सुनावणी ‘होणार’, ‘होण्याची शक्यता’, ‘लांबणीवर’ आणि ‘पूर्ण’ या चार वेगवेगळ्या बातम्या आहेत. ‘निकाल राखून ठेवला’ म्हणजे युक्तिवाद संपला, निकाल अजून यायचा आहे. ‘याचिका निकाली काढली’ म्हणजे फाइल बंद झाली. कोणाच्या बाजूने झाली ते पहिल्या परिच्छेदात असते. ‘जैसे थे’ म्हणजे पुढील आदेशापर्यंत कोणी काही हलवायचे नाही. या विषयात लोकांच्या भावना आणि पिढ्या गुंतलेल्या आहेत. अर्धवट वाचलेल्या मथळ्यावर आनंद किंवा संताप खर्ची पडू नये, म्हणून इथे तरी अर्धा मिनिट जास्त द्याच.

कन्नड पेपर आणि फलक वाचणाऱ्यांनाही हाच नियम लागू. ‘रजे’ (सुट्टी) दिसले म्हणून दप्तर खाली ठेवू नका, मागे ‘इल्ल’ (नाही) आहे का ते आधी पाहा.

मोबाइलवर धोका दुप्पट होतो, कारण सूचनेच्या पट्टीत लांब मथळा मावत नाही आणि फोन तो मागून कापतो. आपल्या भाषेत कापले जाते ते क्रियापद. ‘बेळगाव शहरात उद्या पाणीपुरवठा बंद…’ एवढेच दिसते आणि पिंपे भरायला घेतली जातात. उघडून पाहावे तर ‘…राहणार नसल्याचे स्पष्टीकरण’. पट्टीत शेवटी तीन टिंबे दिसली की ती बातमी अजून वाचलेली नाही, असे धरा. सूचना बोटाने खाली ओढली की बहुतेक फोनवर मथळा जास्त दिसतो. तेवढ्याने भागत नसेल तर बातमी उघडा. पेपरच्या कात्रणाचा फोटो आला तरी हेच : मथळ्याची खालची ओळ फोटोत आली आहे का, ते पाहा.

डोळा काय करतो

वाचताना नजर ओळीवरून सरकत जाते असे वाटते, प्रत्यक्षात ती उड्या मारते. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा. उडी चालू असताना डोळ्याला काही वाचता येत नाही. स्वच्छ दिसणारा भाग फार लहान असतो, दोन अंशांच्या आसपास. पेपर ३५ सेंटिमीटरवर धरला तर कागदावर तो जेमतेम सव्वा सेंटिमीटर भरतो, म्हणजे एखादा शब्द, फार तर दोन. बाजूचे सगळे धूसर, आणि धूसर भागातले शब्द मेंदू आकारावरून आणि अपेक्षेवरून भरून काढतो. वेग वाढवला की थांबे कमी होतात आणि अंदाज वाढतात.

देवनागरीत शिरोरेषेमुळे शब्दांची वरची कड सारखीच दिसते. फरक असतो मात्रांत, रफारात, अनुस्वारात आणि जोडाक्षरांत, आणि घाईत नेमके तेच सुटते. म्हणून ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’ हे ‘कुत्र्यांचे जंगी मैदान’ होते. भटक्या कुत्र्यांच्या बातम्या रोज वाचून डोक्यात कुत्रे आधीच तयार असतात, हेही त्याचे कारण. ‘खासदार निधी’चे ‘खासदार निधन’ होते. ‘अनुदान’, ‘मतदान’ आणि ‘मैदान’ एकमेकांच्या जागी जातात. ‘हद्दवाढ’ शहराची असते, पण सीमावाद वाचायची सवय झालेल्या डोळ्याला तिथेही वाद दिसतो. ‘सुवर्णसौध’ या विधानभवनात अधिवेशन भरते, सोन्याचा दर शोधणारा तिथे विनाकारण थांबतो. ‘तलावाजवळ बुडाचे प्लॉट’ वाचून कोण बुडाले याची चौकशी करू नये. बुडा म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण. ‘समिती’ हा शब्द तर तीन ठिकाणी येतो : महाराष्ट्र एकीकरण समिती, बाजार समिती, आणि एखादी साधी चौकशी समिती. बैठकीला जायच्या आधी कोणती ते पाहा.

उपाय सोपा आहे. बातमी धक्कादायक वाटली तर तोच शब्द एकदा मनात स्पष्ट उच्चारा. वेगवाचनाच्या वर्गांत मनातला उच्चार बंद करायला सांगतात. मथळ्यापुरते ते ऐकू नका, कारण मनात उच्चारले की अर्थ पक्का बसतो आणि ‘नाही’ कानाला लागते. एकेक शब्द पडद्यावर झपाझप दाखवणारी ॲपही बातमीसाठी टाळा. वाक्य उलटे फिरले तर मागच्या शब्दाकडे वळून बघायची सोय त्यात नसते.

कुठले खानापूर?

सीमेवरच्या वाचकाला दोन राज्यांच्या बातम्या एकाच पानावर मिळतात, आणि गावांची नावे जुळी असतात. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे, तसा सांगली जिल्ह्यातही आहे. त्याचे मुख्य ठिकाण विटा. शहापूर हे बेळगावचे उपनगर, आणि त्याच नावाचे तालुके यादगीर आणि ठाणे जिल्ह्यांत आहेत. हिरे बागेवाडी बेळगावजवळ, तर बसवन बागेवाडी विजापूर जिल्ह्यात. राजापूर म्हटले की कोकण आठवते, पण पुराच्या बातमीतला राजापूर बंधारा शिरोळ तालुक्यात कृष्णेवर आहे. तिथला विसर्ग पुढे चिकोडी, कागवाड, अथणीकडे येतो.

सारखी दिसणारी नावे याहून जास्त फसवतात. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात, नंदगड आपल्या खानापूर तालुक्यात. कागल तिकडे, कागवाड इकडे. हुपरी आणि हुबळी. संकेश्वर आणि संगमेश्वर. सौंदलगा निपाणीजवळ आणि सौंदत्ती यल्लम्माची. ‘चंदगडमध्ये हत्ती घुसला’ वाचून नंदगडच्या पाहुण्यांना दार लावून घ्यायला सांगणारे फोन जातात ते यामुळेच.

म्हणून मथळ्यानंतर लगेच बातमीची पहिली ओळ : ‘प्रतिनिधी / खानापूर’, ‘वार्ताहर / नंदगड’. त्यावरून कळले नाही तर खात्याचे नाव शोधा, ते राज्य सांगते. वीज हेस्कॉमची असेल तर बातमी आपली, महावितरणची असेल तर पलीकडची. एसएसएलसी आणि पीयूसी इकडे, दहावी-बारावी बोर्ड तिकडे. इकडे जिल्हा पंचायत, तिकडे जिल्हा परिषद. सुट्टीची बातमी असेल तर जिल्हाधिकारी कुठले, हा पहिला प्रश्न. कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेली सुट्टी शिनोळीला मिळते, बेळगावला नाही. आपल्या जिल्ह्यातही पावसाची सुट्टी कधी काही तालुक्यांपुरती, कधी फक्त अंगणवाडी आणि प्राथमिक शाळांपुरती असते. तालुक्यांची यादी आणि इयत्ता या दोन गोष्टी वाचल्याशिवाय मुलाचा डबा थांबवू नका.

योजनांत घोटाळा झाला तर खिशाला लागतो. गृहलक्ष्मी कर्नाटकची, महिन्याला २००० रुपये. लाडकी बहीण महाराष्ट्राची, १५०० रुपये. कर्नाटकात शक्ती योजनेखाली ११ जून २०२३ पासून राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसने मोफत प्रवास आहे. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. दोन्ही बातम्या एकत्र डोक्यात बसल्या की कोल्हापूरच्या एसटीत कंडक्टरशी वाद होतो आणि मागची रांग खोळंबते. योजनेचे नाव आणि राज्य हे कायम जोडीने वाचा.

वाढदिवस, निधन आणि पुण्यस्मरण

स्थानिक पेपरात हे पान सगळ्यात जास्त वाचले जाते आणि सगळ्यात घाईत वाचले जाते. चौकटीतला फोटो, खाली नाव, त्याखाली दहा शुभेच्छुक : वाढदिवसाची जाहिरात आणि श्रद्धांजलीची जाहिरात लांबून सारख्याच दिसतात. फोटोवर थांबू नका, चौकटीच्या वरची ओळ वाचा. तिथे ‘हार्दिक शुभेच्छा’, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ किंवा ‘प्रथम पुण्यस्मरण’ यांपैकी एक असते. प्रथम पुण्यस्मरण म्हणजे निधन होऊन वर्ष झाले. ते वाचून त्याच सकाळी स्मशानाकडे निघालेला माणूस वाटेत कोणी भेटला नाही तर तिथे एकटाच पोचतो.

‘अमुक यांना मातृशोक’, ‘पितृशोक’, ‘पत्नीशोक’ या मथळ्यांत ज्याचे नाव मोठ्या टाइपात आहे तो माणूस जिवंत आहे. गेलेल्याचे नाव आत आहे. घाईत मोठे नाव तेवढे टिपले जाते आणि त्याच माणसाच्या दारात त्याच्याच निधनाच्या समाचाराला माणसे येतात. निधनवार्तेत हा क्रम ठेवा : नाव, वय, राहण्याचे ठिकाण, मग ‘यांच्या मातोश्री’, ‘यांचे वडील’ असे नाते सांगणारे वाक्य, आणि शेवटी अंत्यविधी किंवा रक्षाविसर्जनाची वेळ. नाव आणि आडनाव जुळले तरी गल्ली आणि वय जुळत नसेल तर हा माणूस दुसरा. एकाच आडनावाची पन्नास घरे असलेल्या गावात ही खात्री फार महत्त्वाची आहे.

आकडे

आकडा दिसला की त्याच्या पुढचा शब्द वाचा. आकडा लक्षात राहतो आणि एकक गळून पडते, सगळी गडबड त्यातून होते.

पावसाळ्यात धरणांच्या बातम्यांत दोन एकके येतात. टीएमसी म्हणजे साठा, क्युसेक म्हणजे वाहण्याचा वेग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. १ लाख क्युसेकने २४ तास पाणी सोडले तर ८.६४ टीएमसी बाहेर जाते. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे, त्यामुळे ‘कोयनेतून ५० हजार क्युसेक’ वाचून धरण रिकामे झाले असे समजू नये; दिवसभरात ४.३२ टीएमसी, म्हणजे साठ्याच्या चार टक्क्यांच्या आसपास पाणी जाते. नदीकाठच्या शेतातली मोटार मात्र त्या दिवशी काढावीच.

अलमट्टी धरणाची पूर्ण भरल्यावरची पातळी ५१९.६० मीटर ही समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, पाण्याची खोली नव्हे. ‘अलमट्टीची उंची ५२४ मीटर करणार’ या मथळ्यात वाढ आहे ती ५१९.६० पासून ५२४.२५६ पर्यंत, म्हणजे साडेचार मीटरहून थोडी जास्त. मोठा आकडा वाचून घाबरण्यापेक्षा दोन आकड्यांतला फरक काढायची सवय लावा.

पुराचे फूटही ठिकाणागणिक वेगळे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलावर कृष्णेची ४० आणि ४५ फूट. ‘पाणी ४४ फुटांवर’ ही बातमी राजाराम बंधाऱ्याची असेल तर धोका ओलांडलेला आहे, आयर्विनची असेल तर अजून नाही. पुलाचे किंवा बंधाऱ्याचे नाव वाचल्याशिवाय निपाणीच्या नातेवाइकांना सामान हलवायला सांगू नका.

उसाचा एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र सरकार क्विंटलला जाहीर करते, आपण बोलतो टनात. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो साखरेच्या १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५० रुपये आहे. मथळ्यातला दर आणि खात्यावर येणारी रक्कम यांत तोडणी-वाहतुकीचा फरक पडतो. उतारा वेगळा असेल तर दरही बदलतो. आणि ‘३५०० रुपये दराची मागणी’ असेल तर परत पहिल्या नियमाकडे या, शेवटचा शब्द ‘मागणी’ आहे.

टीव्हीवरच्या सरकत्या पट्टीचे एकच पथ्य. मधूनच बघायला लागलात तर एका बातमीचे शेपूट दुसरीच्या डोक्याला चिकटते : ‘खानापूर तालुक्यात हत्तींचा धुमाकूळ’ आणि पाठोपाठ ‘माजी आमदारांची पत्रकार परिषद’ यांतून हत्तींची पत्रकार परिषद तयार होते. पट्टी पूर्ण एक फेरा घेईपर्यंत थांबा.

दहा मिनिटांचा क्रम

पहिली दोन मिनिटे पानोपान फक्त मथळ्यांचे शेवटचे शब्द आणि गावांची नावे. यात आपल्या कामाच्या पाच-सहा बातम्या निवडून होतात. पुढची पाच मिनिटे त्यांचा पहिला परिच्छेद पूर्ण, आणि ‘पान ५ वर’ असेल तर पान ५ सुद्धा, कारण उरलेली अट किंवा खुलासा बहुतेकदा तिकडे गेलेला असतो. उरलेली तीन मिनिटे वीज, पाणी, निधन आणि भरतीच्या बातम्यांना. त्या शब्दन् शब्द वाचायच्या. वीजबंदीत तारीख, वेळ, भाग या क्रमाने जा. भागांची यादी शेवटी असते आणि आपली गल्ली त्यातही शेवटी असू शकते. छापील पेपरातला ‘आज’ म्हणजे वर छापलेली तारीख. फॉरवर्ड होऊन आलेल्या मजकुरातल्या ‘आज’ला तारीखच नसते, तिथे वार आणि तारीख दोन्ही लिहिलेली असतील तरच विश्वास ठेवा. २०१९ च्या पुराचे व्हिडिओ दर पावसाळ्यात ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात.

आपला वेग तपासायचा असेल तर साधारण ३०० शब्दांची बातमी घ्या, मोबाइलवर वेळ लावा, वाचून पेपर मिटा आणि पाच उत्तरे लिहा : कोण, कुठे, कधी, किती, शेवटी काय ठरले. दोन चुकली तर वेग जास्त आहे. पुढची बातमी दीडपट वेळ घेऊन वाचा आणि पुन्हा तपासा. इंग्रजीत मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द असल्याचे २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात आले होते. तो आकडा मराठीला लावू नका. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, ‘बेळगावकरांनासुद्धा’ हा एकच शब्द आहे.

चुकीची बातमी पुढे गेली असेल तर

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. त्यानंतर सुमारे अडीच दिवसांपर्यंत ‘सर्वांसाठी डिलीट’ची सोय असते. नुसते डिलीट करून थांबू नका, तोवर ती बातमी चार ग्रुपवर गेलेली असते. त्याच ग्रुपवर, जमले तर मूळ संदेशालाच उत्तर देऊन, खरी बातमी लिहा, आणि मराठीत लिहिताना नकार पहिल्या शब्दात आणा : ‘सुट्टी नाही. बातमी अफवेची होती. उद्या शाळा नेहमीच्या वेळेत.’ सूचनेची पट्टी मागून कापली गेली तरी एवढे वाचता येते. संदेशावर दोन बाणांची खूण असेल तर तो पाच किंवा जास्त हातांतून आलेला आहे. तुम्हाला ज्याने पाठवला त्यालाही वेगळा निरोप द्या, म्हणजे दुरुस्ती मागेही जाईल. घरी वयस्कर माणसे असतील तर त्यांना फोनच करा, कारण संदेश वाचतील तेव्हा तेही मथळ्याच्या सुरुवातीपासूनच वाचायला घेणार.